आयन-संवाहकतेचे मापन : नीरेकाठच्या मातीपासून बहुवारिक पटलापर्यंत

१. प्रास्ताविक

नीरा नदीच्या खोऱ्यात, बारामतीच्या बाजूस तसेच फलटणच्या बाजूस, कालव्याच्या पाण्याखाली आलेल्या काळ्या जमिनीत ठिकठिकाणी पांढरा क्षार फुटलेला दिसतो. या जमिनींचा शास्त्रीय अभ्यास जुना आहे. नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत वाहू लागले. आणि १९१० मध्ये हॅरल्ड मॅन व व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातील क्षारपड जमिनींविषयीचे आपले निवेदन मुंबई इलाख्याच्या कृषि खात्यातर्फे प्रसिद्ध केले. पुढे १९२८ मध्ये भाटघरचे मोठे धरण पुरे झाले. नीरेच्या उजव्या कालव्यामुळे फलटण भागात ऊस वाढला, आणि उसाबरोबर पाणथळ जमिनीचा व क्षाराचा प्रश्नही नदीच्या या काठावर आला.

आज अशा शेतातील मातीचा नमुना परीक्षणासाठी पाठविला म्हणजे परत येणाऱ्या पत्रिकेवर ‘विद्युत् संवाहकता’ या शीर्षकाखाली एक आकडा असतो. जमिनीत चर काढावयाचे की नाही, कोणते पीक घ्यावयाचे, हे पुष्कळ अंशी त्या आकड्यावर ठरते. परंतु तो आकडा मातीचा नसतो. मातीत पाणी कालवून गाळून घेतलेल्या अर्काचा असतो. एकाच मातीचा अर्क संतृप्त चिखलातून घेतला तर एक आकडा येतो, आणि एका भाग मातीत पाच भाग पाणी घालून घेतला तर दुसरा, बराच लहान, आकडा येतो. अमेरिकेतील क्षार-संशोधन प्रयोगशाळेने १९५४ मध्ये दिलेली ‘दर सेंटिमीटरला ४ मिलिम्हो’ ही क्षारपड जमिनीची मर्यादा केवळ संतृप्त चिखलाच्या अर्कास लागू आहे. पाण्याचे प्रमाण न सांगता दिलेला आकडा शेतकऱ्याची दिशाभूल करू शकतो.

बहुवारिक पटलांतील, म्हणजे पॉलिमरच्या पातळ आयनवाही पापुद्र्यांतील, संवाहकतेचे मापन हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्याचा आरंभ नीरेकाठच्या मातीपासून करण्यास दोन कारणे आहेत. पहिले कारण वंशाचे : आयन-विनिमयाची कल्पना प्रथम मातीतच सापडली, आणि आजची पटले त्याच कल्पनेची अपत्ये होत. दुसरे कारण तर्काचे : मातीच्या आकड्यात जी संदिग्धता आहे तीच, अधिक सूक्ष्म रूपात, पटलाच्या आकड्यातही आहे. मोजलेल्या राशीपैकी पदार्थाचे किती, पाण्याचे किती, पात्राच्या भूमितीचे किती आणि जोडतारांचे किती, हे वेगळे काढण्याचा प्रयत्न म्हणजेच या मापनाचा इतिहास होय, असे या लेखात प्रतिपादावयाचे आहे.

२. विद्रावाचे मापन : कोलराउश आणि नंतर

एकदिश प्रवाहाने क्षाराच्या विद्रावाचा रोध मोजू गेल्यास विद्युत् अग्रांवर रासायनिक क्रिया घडते, तेथे विरुद्ध दाब निर्माण होतो, आणि मोजणाऱ्यास विद्रावाऐवजी अग्राचाच गुणधर्म हाती लागतो. या ध्रुवणाच्या अडचणीतून फ्रीडरिख कोलराउश यांनी मार्ग काढला. १८६९ च्या सुमारास त्यांनी प्रत्यावर्ती प्रवाहाचा उपयोग सुरू केला. प्रवाहाची दिशा सेकंदात अनेकदा उलटल्यामुळे अग्रावर साचलेला प्रभार विरून जातो. अग्रांवर सूक्ष्म काळ्या प्लॅटिनमचा थर चढविल्याने त्यांचे प्रभावी क्षेत्रफळ वाढून ध्रुवण आणखी कमी होते. पुढे सेतूचा समतोल ओळखण्यासाठी त्यांनी दूरध्वनीचे श्रवणयंत्र वापरले. आवाज जेथे सर्वांत क्षीण होई तेथे समतोल मानीत. आयनांच्या स्वतंत्र गतीचा नियम प्रत्यावर्ती प्रवाहाच्या मापनांवर उभा राहिला.

द्रवाच्या बाबतीत पात्राची भूमिती थेट मोजणे अवघड असते. म्हणून संवाहकता ठाऊक असलेला विद्राव पात्रात भरून पात्राचा स्थिरांक काढण्याची रूढी पडली. लिटरमागे ०.०१ ग्रॅम-रेणू पोटॅशियम क्लोराइडच्या विद्रावाची संवाहकता २५° से. तापमानास दर सेंटिमीटरला १,४१३ मायक्रोसीमेन्स असते, हा आकडा त्यामुळे प्रत्येक प्रयोगशाळेच्या परिचयाचा झाला.

परंतु हा ‘स्थिरांक’ खरोखर स्थिर आहे काय? १९२३ मध्ये हेन्री पार्कर यांना असे आढळले की, पात्रातील विद्रावाचा रोध बदलला की पात्रस्थिरांकही थोडा बदलतो. पदार्थाचा गुणधर्म मोजण्याचे मापच पदार्थाबरोबर बदलू लागले, असा हा चमत्कारिक प्रकार होता. १९३१ मध्ये ग्रिनेल जोन्स व बोलिंगर यांनी त्याचा उलगडा केला. पात्राच्या नळ्या व जोडतारा परस्परांच्या फार जवळ असल्यामुळे त्यांच्यामध्ये धारित्र तयार होते व प्रवाहाचा काही अंश विद्रावास वगळून या आडवाटेने जातो. दोष विद्रावात नसून पात्राच्या रचनेत आहे. नळ्या दूर ठेवलेले पात्र घेतले की हा परिणाम जवळजवळ नाहीसा होई. पटलाच्या मापनात पुढे जे जे घडले त्याचे बीज या प्रसंगात आहे.

३. मातीपासून पटलाकडे

१८५० मध्ये इंग्लंडात एच. एस. थॉम्सन आणि जे. टी. वे यांनी मातीच्या थरातून अमोनियमचा क्षार ओतला असता खाली कॅल्शियमचा क्षार उतरतो, असे दाखविले. माती अमोनियम धरून ठेवते व त्याच्या मोबदल्यात कॅल्शियम सोडते. आयन ही संज्ञा आजच्या अर्थाने रूढ होण्यापूर्वीच आयन-विनिमयाचा शोध असा लागला. दख्खनच्या काळ्या मातीतील माँटमोरिलोनाइट वर्गाची चिकणमाती या गुणात विशेष समर्थ आहे. तिच्या पापुद्र्यांवर ऋण प्रभार असतो आणि तो भागविणारे धन आयन पापुद्र्यांमधील पाण्यात राहतात. ते आयन सोडियमचे असले म्हणजे जमीन चोपण होते.

अमेरिकेत मिल्टन व्हिटनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९७ मध्ये मातीचा विद्युत् रोध मोजून तीतील ओलावा काढण्याची पद्धत सुचविली. लवकरच दिसून आले की, हा रोध ओलाव्याइतकाच विद्राव्य क्षारांवर व तापमानावर अवलंबून असतो, आणि तीच पद्धत क्षार मोजण्याकडे वळविण्यात आली. एकाच राशीत पाणी व आयन गुंतलेले असल्याने एकाचा हिशेब दुसऱ्यावाचून लागत नाही, हा धडा तेव्हापासून उपलब्ध आहे.

मातीचे हे कार्य कृत्रिम पदार्थाकडून करवून घेण्याचा मार्ग १९३५ मध्ये अॅडम्स व होम्स यांनी दाखविला. त्यांनी आयन-विनिमय करणारी रेझिने तयार केली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दालेलिओ यांनी पॉलिस्टायरीनवर सल्फॉनिक अम्लाचे गट बसविले. १९५० मध्ये जूडा व मॅक्रे यांनी अशा द्रव्यांची सलग पटले बनवून प्रसिद्ध केली, आणि खाऱ्या पाण्यातील क्षार विजेच्या साह्याने काढण्याचा व्यवहार्य मार्ग खुला झाला. १९५५ मध्ये जनरल इलेक्ट्रिकमधील टॉमस ग्रब यांनी आयन-विनिमय पटल हाच इंधन विद्युत् घटाचा विद्युत् विच्छेद्य म्हणून वापरला. ऑगस्ट १९६५ मध्ये जेमिनी-५ या अंतराळयानात असा घट प्रत्यक्ष गेला. त्याच दशकात ड्युपाँट कंपनीत वॉल्थर ग्रोट यांनी नेफिऑन हे फ्लुओरिनयुक्त पटल सिद्ध केले. त्याचा कणा टेफ्लॉनसारखा जलविरोधी, आणि बाजूच्या शाखांच्या टोकांशी असलेले सल्फॉनिक गट जलप्रिय. काळ्या मातीच्या पापुद्र्यांप्रमाणे येथेही प्रभार जागच्या जागी खिळलेला असतो, आणि भोवतीच्या पाण्यातून त्याचा जोडीदार, म्हणजे प्रोटॉन, फिरत असतो.

४. अल्प रोधाची अडचण

विद्राव पात्रात हवा तेवढा लांब ठेवता येतो. पटलाची जाडी मात्र ठरलेली असते. येथून मापनाचे स्वरूप बदलते. सुमारे १८० मायक्रॉन जाडीचे नेफिऑन पटल पूर्ण भिजले असता त्याची संवाहकता दर सेंटिमीटरला साधारण ०.१ सीमेन्स असते. एक चौरस सेंटिमीटर क्षेत्राच्या अशा पटलाचा आरपार रोध ०.१८ ओहम भरतो. याच द्रव्याचे १५ मायक्रॉनचे पटल घेतल्यास तो ०.०१५ ओहम होईल. तुलनेसाठी असे पाहावे की, एक चौरस मिलिमीटर छेदाच्या एक मीटर लांब तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.०१७ ओहम असतो. म्हणजे उपकरणापासून पात्रापर्यंत नेलेली एक तार पटलाइतकीच ‘रोधक’ ठरते.

आरंभीच्या पद्धतीत पटल दोन अग्रांमध्ये, विद्रावात ठेवून रोध मोजीत, नंतर पटल काढून पुन्हा मोजीत, आणि दोहोंतील वजाबाकीस पटलाचा रोध म्हणत. क्षार काढण्यासाठी वापरली जाणारी जाड, अधिक रोधाची पटले या रीतीने समाधानकारक मोजली जात. परंतु अल्प रोधाच्या पटलास ही वजाबाकी घातक ठरते. लिटरमागे ०.१ ग्रॅम-रेणू पोटॅशियम क्लोराइडच्या विद्रावाची संवाहकता २५° से. तापमानास ०.०१२९ सीमेन्स प्रति सेंटिमीटर आहे. त्याच्या अवघ्या एक मिलिमीटर थराचा रोध, एक चौरस सेंटिमीटर क्षेत्रासाठी, सुमारे ७.८ ओहम येतो. अशा विद्रावाची संवाहकता दर अंशास सुमारे २ टक्के वाढते. दोन मापनांच्या दरम्यान तापमान अर्ध्या अंशाने सरकले, तर ७.८ ओहममध्ये ०.०८ ओहमचा फरक पडतो. ०.१८ ओहमच्या पटलात ही चूक ४० टक्क्यांहून अधिक झाली. दोन मोठ्या राशींच्या वजाबाकीतून लहान राशी काढू नये, हा अंकगणितातील साधा नियम येथे प्रयोगाचा नियम होतो.

५. संरोधाचा आलेख

विद्रावाचा थर टाळून धातूची अग्रे थेट पटलावर दाबली, तर कोलराउशपूर्वीची ध्रुवणाची अडचण पुन्हा उभी राहते. तिच्यावरील उपाय एका कंप्रतेऐवजी अनेक कंप्रतांवर संरोध मोजण्यात सापडला. संरोधाचा वास्तव भाग आडव्या अक्षावर व कल्पित भाग उभ्या अक्षावर मांडण्याची रीत विद्युत् रसायनात १९६० च्या सुमारास स्लॉयटर्स यांनी आणली. १९६९ मध्ये बॉअर्ले यांनी झिर्कोनिया या घन आयनवाहकाच्या बाबतीत दाखविले की, स्फटिककणांच्या आतील, कणांच्या सीमांवरील व अग्रापाशी होणाऱ्या क्रिया आलेखात वेगवेगळ्या कमानींच्या रूपाने अलग दिसतात. जे कानाला एका सुरात ऐकू येत होते ते आता डोळ्यांना वेगवेगळे दिसू लागले.

उच्च कंप्रतेच्या बाजूस आलेख वास्तव अक्षास जेथे छेदतो तो पटलाचा रोध, अशी वाचनाची रूढी पडली. ती सोयीची आहे. परंतु तिच्यामुळे मापन सोपे झाले असा समज करून घेणे चुकीचे ठरेल. त्या छेदात पटलाचा रोध, अग्र व पटल यांच्यामधील स्पर्शाचा रोध आणि तारांचा रोध यांची बेरीज असते. आलेख ही बेरीज फोडून दाखवीत नाही. शिवाय फार उच्च कंप्रतेस तारांची प्रवर्तकता प्रबळ होऊन आलेख अक्षाच्या पलीकडे जातो, आणि अल्प रोधाच्या पटलात नेमका छेदाचाच भाग तिच्यामुळे विकृत होतो. पार्कर यांच्या पात्रात तारांमधील धारित्र नडले होते. येथे तारांची प्रवर्तकता नडते.

यावरील उपाय जुना व निश्चित आहे. एकाच द्रव्याची एक, दोन, तीन, चार पटले एकावर एक ठेवून, किंवा एकाच रीतीने बनविलेली निरनिराळ्या जाडीची पटले घेऊन, रोध मोजावा आणि जाडीविरुद्ध आलेख काढावा. सरळ रेषेच्या उतारातून पटलाची संवाहकता मिळते. शून्य जाडीपाशी उरणारा छेद हा तारा व स्पर्श यांचा वाटा होय. रेषा सरळ आली नाही, तर पटले एकसारखी नाहीत किंवा त्यांच्यामधील स्पर्श सारखा नाही, हेही त्यावरून कळते. एका पटलावरून घेतलेल्या एका वाचनात ही आत्मपरीक्षेची सोय नसते.

६. चार अग्रे आणि फुगलेले पटल

दुसरा मार्ग चार अग्रांचा. पटलाच्या लांबट पट्टीत बाहेरच्या दोन अग्रांनी प्रवाह सोडावयाचा आणि आतील दोन अग्रांमधील विभवांतर मोजावयाचे. आतील अग्रांतून प्रवाह जवळजवळ वाहत नसल्याने स्पर्शाचा व तारांचा रोध हिशेबातून गळतो. वर घेतलेल्याच पटलाची एक सेंटिमीटर रुंद पट्टी घेऊन आतील अग्रे एक सेंटिमीटर अंतरावर ठेवल्यास रोध ०.१८ ऐवजी सुमारे ५५५ ओहम येतो, आणि साध्या उपकरणानेही तो नीट मोजता येतो. ही पद्धत लोकप्रिय झाली यात नवल नाही. मात्र ती पटलाच्या प्रतलातील संवाहकता देते. घटात प्रोटॉन पटलाच्या आरपार जातो. ताणून वा गाळणीतून काढून बनविलेल्या पटलांत या दोन दिशा सारख्या असतीलच असे नाही. म्हणून दोन्ही पद्धतींनी मोजून तुलना करण्याची प्रथा पडली.

या तुलनेत एक सापळा आहे. पटल पाणी घेऊन फुगते. समजा, कोरड्या स्थितीच्या तुलनेने त्याची प्रत्येक मिती १० टक्क्यांनी वाढली, आणि निरीक्षकाने हिशेबात कोरड्या पटलाचीच मापे घेतली. चार अग्रांच्या पद्धतीत अग्रांमधील अंतर पात्राने ठरविलेले असते, पण रुंदी व जाडी प्रत्यक्षापेक्षा कमी धरली जातात. त्यामुळे संवाहकता २१ टक्क्यांनी जास्त येते. आरपार मापनात क्षेत्र अग्रांनी ठरविलेले असते व केवळ जाडी कमी धरली जाते. त्यामुळे संवाहकता सुमारे ९ टक्क्यांनी कमी येते. दोहोंचे गुणोत्तर १.३३ होते. सर्व दिशांना अगदी सारखे असलेले पटल अशा रीतीने कागदावर एकतृतीयांशाने विषम ठरते, आणि त्या नसलेल्या विषमतेचे रचनात्मक स्पष्टीकरण शोधण्यात विद्यार्थ्याचे वर्ष खर्ची पडू शकते.

७. पाण्याचा हिशेब

आता सर्वांत कठीण भागाकडे यावयाचे. १९९१ मध्ये लॉस अॅलामॉस येथील स्प्रिंगर, झॉड्झिन्स्की व गॉटेस्फेल्ड यांनी नेफिऑनच्या संवाहकतेचा संबंध सल्फॉनिक गटामागे असलेल्या पाण्याच्या रेणूंच्या संख्येशी जोडला. ३०° से. तापमानास ही संख्या ०.००५१३९ ने गुणून गुणाकारातून ०.००३२६ वजा केले असता संवाहकता सीमेन्स प्रति सेंटिमीटर या एककात मिळते. या सूत्राचे महत्त्व अचूकतेपेक्षा विचाराच्या दिशेत आहे. संवाहकता पटलाची म्हणून न सांगता ‘इतके पाणी असलेल्या पटलाची’ म्हणून सांगावयाची, हे त्याने रूढ केले. संतृप्त चिखलाच्या अर्काचा नियम मृद्-शास्त्रज्ञांनी ज्या कारणासाठी केला, तेच हे कारण.

त्यांच्याच मापनांत संतृप्त बाष्पात ठेवलेल्या पटलात गटामागे १४, तर द्रव पाण्यात बुडविलेल्या पटलात २२ रेणू आढळले. सूत्रानुसार पहिल्याची संवाहकता ०.०६९ व दुसऱ्याची ०.११० येते. बाष्प संतृप्त असेल तर त्याची व द्रवाची पाणी देण्याची शक्ती सारखीच असली पाहिजे. मग पटलाने दोन ठिकाणी निरनिराळे पाणी का घ्यावे? हे कोडे श्रोडर यांनी १९०३ मध्ये जिलेटिनच्या बाबतीत प्रथम मांडले होते, म्हणून त्यास त्यांचे नाव आहे. २००७ मध्ये ओनिशी, प्राउसनित्झ व न्यूमन यांनी असे दाखविले की, पटलाला पूर्वी किती उष्णता दिली होती हे सारखे ठेवले व पुरेसा काळ वाट पाहिली, तर हा फरक उरत नाही. म्हणजे शतकभर पदार्थाचे मानलेले कोडे बऱ्याच अंशी नमुन्याच्या पूर्वेतिहासाचे व निरीक्षकाच्या धीराचे होते.

आर्द्रतेच्या चुकीचे परिमाण ध्यानात येण्यासाठी त्याच संशोधकांच्या सूत्रांवरून काढलेले आकडे पाहू. ३०° से. तापमानास सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असताना संवाहकता ०.०११, ८० टक्क्यांस ०.०३४, ९० टक्क्यांस ०.०४८ व ९५ टक्क्यांस ०.०५८ सीमेन्स प्रति सेंटिमीटर येते. फलटण पर्जन्यछायेच्या प्रदेशात आहे. तेथील एप्रिलमधील दुपार आणि श्रावणातील सकाळ यांच्या हवेत जो फरक असतो, तेवढ्याने उघड्या खोलीत ठेवलेल्या एकाच पटलाचे दोन आकडे तिपटीने भिन्न येऊ शकतील. ‘खोलीच्या तापमानास मोजले’ एवढेच लिहिलेल्या प्रबंधातील आकडा त्यामुळे ऋतूचा आकडा ठरतो.

बंद पात्रात आर्द्र हवा सोडूनही प्रश्न पूर्ण सुटत नाही. ३०° से. च्या सुमारास पाण्याच्या संतृप्त बाष्पाचा दाब दर अंशास जवळजवळ ६ टक्के वाढतो. आर्द्रता देणारे भांडे व पटल यांच्या तापमानांत एका अंशाचा फरक राहिला, तर ९५ टक्के समजलेली आर्द्रता प्रत्यक्षात ९० टक्क्यांच्या आसपास असू शकेल, आणि संवाहकतेत १५ ते २० टक्क्यांची चूक होईल. संरोध मोजणारे यंत्र सहस्रांशापर्यंत आकडे दाखवीत असले, तरी निर्णय पात्राशेजारच्या तापमापकाने होतो.

८. निर्जल बहुवारिके

पाणी काढून टाकले तर हा प्रश्न सुटेल काय? १९७३ मध्ये शेफील्ड येथील फेंटन, पार्कर व राइट यांनी पॉलिएथिलीन ऑक्साइडमध्ये अल्कली धातूंचे क्षार विरघळतात असे दाखविले. १९७८ मध्ये मिशेल आर्माँ यांनी अशी द्रव्ये विद्युत् घटमालेत घन विद्युत् विच्छेद्य म्हणून वापरण्याची कल्पना मांडली. येथे आयन पाण्यातून न जाता बहुवारिकाच्या साखळ्यांच्या हालचालीबरोबर सरकतात. आरंभी आयन स्फटिकी भागातील सर्पिल मार्गांनी जात असावेत असे मानले जाई. १९८३ मध्ये बेर्तिए व सहकाऱ्यांनी अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाच्या साह्याने दाखविले की, वहन मुख्यतः अस्फटिकी भागात होते.

या शोधाने मापनापुढे नवा प्रश्न ठेवला. या बहुवारिकाचे स्फटिक सुमारे ६५° से. तापमानास वितळतात, व त्या तापमानापलीकडे संवाहकता अनेक पटींनी वाढते. नमुना तापवून थंड केला असता स्फटिक लगेच परत येत नाहीत. त्यास तास, कधी दिवसही लागतात. त्या दरम्यान घेतलेले वाचन ‘खोलीच्या तापमानाचे’ म्हणून नोंदले जाते, पण ते वितळलेल्या अवस्थेची स्मृती असते. पटल ओतताना वापरलेल्या विद्रावकाचा वा हवेतील बाष्पाचा राहिलेला अंशही साखळ्या सैल करून संवाहकता वाढवितो. म्हणून तापमान चढवीत व उतरवीत अशी दोन्ही वेळा वाचने घेऊन ती जुळतात की नाही हे पाहणे आवश्यक मानतात.

शिवाय प्रत्यावर्ती प्रवाह धन व ऋण या दोन्ही आयनांची एकत्र संवाहकता सांगतो. लिथियमच्या घटमालेत उपयोग केवळ लिथियम आयनाचा असतो. त्याचा वाटा काढण्यासाठी १९८७ मध्ये एव्हान्स, व्हिन्सेंट व ब्रूस यांनी अल्प एकदिश दाब देऊन प्रवाह स्थिरावू देण्याची व त्याआधी आणि नंतर अग्रांचा संरोध मोजून दुरुस्ती करण्याची रीत दिली. कोलराउश यांनी हद्दपार केलेला एकदिश प्रवाह अशा प्रकारे, आपल्या मर्यादेत, परत आला.

९. आपल्याकडील संदर्भ

१९५० मध्ये उघडलेल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत इंधन घटांवर व त्यांच्या पटलांवर दीर्घकाळ काम झाले आहे. त्यात पॉलिबेंझिमिडाझोल कुलातील पटलांचाही समावेश होतो. ही पटले फॉस्फोरिक अम्ल शोषून घेतात, आणि नेफिऑन कोरडे पडते अशा १५०° से. च्या वरील तापमानासही प्रोटॉन वाहून नेतात. त्यांच्या मापनात पाण्याच्या हिशेबाबरोबर अम्लाचा हिशेब येतो. दाबलेल्या अग्रांखालून अम्ल पाझरले तर स्पर्शाचा रोध व पटलाची रचना दोन्ही बदलतात. ऑक्टोबर २०२० मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद आणि केपीआयटी यांनी हायड्रोजनच्या इंधन घटावर चालणाऱ्या मोटारीची चाचणी घेतली, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांच्या बसचे पुण्यात उद्घाटन झाले.

अशा वाहनात पटलाच्या आकड्यास व्यावहारिक अर्थ येतो. दर चौरस सेंटिमीटरला एक अँपिअर प्रवाह घेतला असता ०.१८ ओहमचे पटल ०.१८ व्होल्ट दाब गिळते, व तेथील शक्ती उष्णतेत जाते. एका घटापासून काम करीत असताना साधारण ०.७ व्होल्ट मिळतो हे पाहता हा तोटा मोठा आहे. नवे पटल जुन्याहून ‘२० टक्क्यांनी चांगले’ असा दावा झाला, तर त्यावर पुढची रचना, खर्च व वर्षे अवलंबून राहतात. आणि वर पाहिल्याप्रमाणे २० टक्के म्हणजे आर्द्रतेतील एका अंशाची चूक किंवा कोरड्या पटलाची मोजपट्टी एवढेच असू शकते.

१०. समारोप

या इतिहासात एक क्रम दिसतो. कोलराउश यांनी अग्राचा वाटा वेगळा केला. जोन्स यांनी पात्राचा. बॉअर्ले यांनी सीमांचा. चार अग्रांच्या पद्धतीने स्पर्शाचा. लॉस अॅलामॉसच्या संशोधकांनी पाण्याचा. प्रत्येक वेळी पदार्थाचा म्हणून मानलेला काही भाग दुसऱ्याचा निघाला. उपकरणे अधिक सूक्ष्म झाल्याने हे काम संपले असे नाही. उलट, जे यंत्र आपणहून कमान जुळवून आकडा छापून देते, त्याच्यासमोर हे प्रश्न विचारावयाचे राहून जाण्याचा संभव अधिक असतो.

शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रातील, फलटणसारख्या गावांतून आलेल्या विद्यार्थ्यास हे काम महागड्या यंत्रावाचूनही करता येण्याजोगे आहे. पटलाची भिजलेली जाडी मोजणे, तीन-चार जाड्यांवर रोध काढून रेषा सरळ येते का पाहणे, पात्राचे व आर्द्रतेच्या भांड्याचे तापमान शेजारी-शेजारी नोंदणे, नमुना किती वेळ समतोलात ठेवला व पूर्वी किती तापविला होता हे लिहिणे, मापनाची दिशा सांगणे, आणि संवाहकतेसोबत पाण्याचे प्रमाण देणे, एवढ्यास तराजू, सूक्ष्ममापक, तापमापक आणि धीर लागतो. गावाकडच्या शेताच्या माती-पत्रिकेवरील आकडा वाचताना अर्क कोणत्या प्रमाणात काढला हे पाहण्याची सवय ज्यास आहे, त्यास पटलाच्या आकड्यापाशी कोणता प्रश्न विचारावयाचा हे निराळे शिकवावे लागणार नाही.